उजव्या कानामागची लहर

त्रिशलाक्काला मेंदूतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडा कळत होता.

"एकसष्ट," धाकटी बहीण अतिदक्षता कक्षात पुरती शिरायच्या आतच ती म्हणाली. "परवा पंचावन्न, काल अठ्ठावन्न, आज एकसष्ट. चढालाय न्हवं?"

"चढलाय की," चंदना म्हणाली आणि पेस्टचा डबा खाटेच्या कडेला ठेवून सैल झालेल्या तारा तपासू लागली.

चंदना मगदूम या रुग्णालयात ईईजी तंत्रज्ञ होती. रुग्णाच्या डोक्यावर एकवीस तारा चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी नोंदवायच्या, तारा काढायच्या, केसांतली पेस्ट पुसायची. पंचवीस वर्षं हेच काम. आज तिच्या हाताखालचं डोकं तिच्या स्वतःच्या दाजींचं होतं, एवढाच फरक. आणि तो फरक फार मोठा होता.

दाजी, म्हणजे आक्काचा नवरा भरतेश चौगुले, पाच दिवस बेशुद्ध होता. इचलकरंजीतल्या एका कारखान्यात तो मागांचा जॉबर होता. माग बिघडला की आधी शिवी आणि मग पाना काढणारा माणूस. शनिवारी दुपारी मागाखाली वाकलेला असतानाच त्याचं हृदय थांबलं. ते पुन्हा सुरू व्हायला बावीस मिनिटं गेली. हृदय चालू झालं, पण डोळे काही उघडले नाहीत.

तेव्हापासून सकाळी सहा ते रात्री दहा, नातेवाइकांना आत बसू देतात तेवढा सगळा वेळ, आक्का त्याच्या उजव्या हाताला बसून होती. ओठांत णमोकार मंत्र आणि हात नवऱ्याच्या खांद्यावर. तो हात थांबत नसे. तान्ह्या पोराला निजवताना थोपटतात तसा एका लयीत पडत राही. निजवायचं नाही, उठवायचंय, हे तिला कुणी सांगायच्या फंदात पडलं नाही.

हे सगळं २०४१ सालचं. एके काळी या गावात आकडा म्हटलं की लोकांना मटका आठवायचा. आता खाटेच्या डोक्याशी असलेल्या निळ्या पडद्यावरचा आकडा आठवतो. तो आकडा देणाऱ्या यंत्राचं नाव 'मागोवा'.

मागोवा काय करतो ते समजायला थोडं मेंदूत शिरावं लागेल. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या क्षीण स्पंदनांनी बोलतात. एकटीचं बोलणं कवटीबाहेर पोहोचत नाही. पण लाखो पेशी एका तालात आल्या की त्यांचा आवाज डोक्याच्या कातडीवर चिकटवलेल्या तारांना टिपता येतो आणि पडद्यावर लहरींच्या रूपात दिसतो. निरोगी माणसाच्या लहरी ओळखणं सोपं असतं. कठीण असतं ते अत्यवस्थ माणसाचं. प्राणवायूवाचून होरपळलेला मेंदू बराच वेळ सपाट रेघ काढतो, मग एकदम उसळतो, पुन्हा सपाट. मूत्रपिंडं थकून रक्तात विष साचलं की तीन उंचवट्यांच्या लहरी ओळीने येऊ लागतात. दिसायला भयंकर, पण विष उतरलं की बहुधा त्याही उतरतात. कुणाचा देह निपचित पडलेला असतो आणि आत मात्र फिट चालू असते. या सगळ्यांच्या मधल्या, धड ना इकडच्या धड ना तिकडच्या अशा लहरींवर तर दोन तज्ज्ञ बसवले की तीन मतं पडायची.

त्यात आणखी एक गोम आहे. तारांना मेंदू आणि बाकीचं जग यांतला फरक कळत नाही. पापणी लवली, जबडा हलला, व्हेंटिलेटरने उशी हेलकावली, तरी पडद्यावर लहर उमटते. पुस्तकात याला आर्टिफॅक्ट म्हणतात. चंदना कचरा म्हणायची. चांगला तंत्रज्ञ कोण, तर ज्याला कचरा ओळखता येतो तो.

बारा वर्षांपूर्वी संगणकाला हे वाचन शिकवायचं ठरलं. हजारो रुग्णांच्या जुन्या नोंदी त्याच्यापुढे टाकल्या. प्रत्येक नोंदीत कचरा कुठे आहे ते खूण करून दाखवलं आणि तो माणूस पुढे चालत घरी गेला की नाही तेवढं सांगितलं. बाकीचं नातं संगणकाने स्वतः शोधायचं. त्याने ते शोधलं आणि झकास शोधलं. आता तो दर दहा मिनिटांनी शून्य ते शंभरमधला एक आकडा देई : हा माणूस शुद्धीवर यायची शक्यता किती. आसपासच्या अठ्ठावीस अतिदक्षता कक्षांत मागोवा बसला होता. खाटा कमी, रुग्ण फार, तेव्हा नियमही ओघाने आलाच. आकड्याची सरासरी सलग दोन दिवस दहाच्या खाली राहिली की तिसऱ्या दुपारी बारा वाजता रुग्णाची यंत्रं काढायची आणि त्याला शांत कक्षात हलवायचं. नावाप्रमाणे तिथे सगळं शांत होई.

सात नंबरच्या खाटेवरच्या माणसाची तिसरी दुपार उद्या होती.

त्याला नाव नव्हतं. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास' एवढंच. एसटी स्टँडच्या मागे पडलेला सापडला होता. मूत्रपिंडं बंद, डायलिसिस नुकतंच सुरू केलेलं. नर्स रेश्मा मुजावर त्याला मामा म्हणायची, कारण काहीतरी म्हणायला हवंच ना.

"आठ," रेश्मा म्हणाली. "काल बी आठ, आज बी आठ. उद्या बाराला न्यायचं म्हणून कागद आलाय. मामाला बघाय एक कुत्रं फिरकलं न्हाई ओ मॅडम."

"पोलिसांनी काही शोध?"

"कसला शोध!"

चंदना पुढच्या खाटेकडे वळली. तिला वाईट वाटलं, पण पंचवीस वर्षांत वाईट वाटण्याचीही सवय होते.

संध्याकाळी पावणेसहाला आक्का उठली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा तिचा नेम लग्नाआधीपासूनचा. नवऱ्याच्या आजारपणातही तो तिने मोडला नव्हता. घरून आलेला डबा घेऊन ती नातेवाइकांच्या खोलीत गेली. मध्ये पाच मिनिटं उठायची झाली तर ती रेश्माला थोपटायला सांगे. जेवायला मात्र निवांत अर्धा तास लागे. ती गेली तेव्हा दाजींच्या कपाळावरची एक तार सुटली होती म्हणून चंदना तिथेच होती.

तार लावून होईपर्यंत एकसष्टचे अडतीस झाले. आणखी दहा मिनिटांनी अकरा.

चंदनाने नाडी पाहिली, ऑक्सिजन पाहिला, तारा पुन्हा दाबल्या. सगळं ठीक. मग तिने पाच दिवसांचा आलेख उघडला. रात्री दहा ते सहाचा उतार मागोवा झोपेचा म्हणून सोडून देई, पण दिवसाही रोज त्याच वेळी तसाच खड्डा होता, आणि मागोवाने आपण होऊन त्याच्याखाली टीप दिली होती : 'सायंकालीन घट. शरीराच्या दैनंदिन चक्राशी सुसंगत.' कक्षप्रमुख डॉ. उपाध्यांनी ती टीप वाचली होती आणि खाली सहीही केली होती.

चंदना त्या खड्ड्याकडे बघत राहिली. पावणेसहाला सुरू, सव्वासहाला संपला. शनिवारचा नाही, कारण शनिवारी दाजी दाखल होत होते. रविवारचा, सोमवारचा, मंगळवारचा, कालचा, आजचा. शरीराचं घड्याळ इतकं वक्तशीर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. इतकी वक्तशीर तिच्या माहितीत एकच गोष्ट होती, ती म्हणजे आक्काचं जेवण.

तिने कच्च्या लहरी उघडल्या. हे हल्ली कुणी करत नसे. आकडा तयार मिळत असताना लहरी बघत बसायला वेळ कुणाला आहे? पडद्यावर लांब सपाट रेघ आली. मग एक उसळी. पुन्हा सपाट. अकरा सेकंद, बारा सेकंद. पुन्हा अगदी तशीच उसळी. चंदनाने अशा लहरी शेकड्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलं होतं.

आक्का हात धुऊन, पदराला पुसत परत आली. बसली. हात खांद्यावर ठेवला.

आणि उजव्या कानामागच्या दोन तारांवर एक सुंदर, गोलसर लहर सुरू झाली. सेकंदाला दोन. चंदनाने नकळत टेबलावर बोटाने ताल धरला. एक-दोन, एक-दोन. पडद्याकडे न बघता ती आक्काच्या हाताकडे बघत होती आणि ताल चुकत नव्हता. आक्का थोपटत होती, खांद्याबरोबर डोकं उशीवर इवलंसं हलत होतं आणि तारा ते इमानेइतबारे नोंदवत होत्या.

"चढंल बघ आता," आक्का म्हणाली. "मी आले की चढतो. वळखतात मला."

चंदना उठली ती सरळ सात नंबरपाशी गेली. रेश्मा बघत होती तरी तिने तिकडे लक्ष दिलं नाही. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटायला सुरुवात केली. खांदा हाडकुळा होता. दहा मिनिटं झाली.

"मॅडम," रेश्मा कुजबुजली. "आठचे चौतीस झाले. काय केलासा तुम्ही?"

चंदनाने हात मागे घेतला. ती खुर्चीवर बसली.

काय केलं होतं ते तिला आता लख्ख आठवत होतं. मागोवाला शिकवलेल्या नोंदींपैकी मोठा हिस्सा याच रुग्णालयातला होता आणि त्यांवर कचऱ्याच्या खुणा चंदनाने केल्या होत्या. चौदा हजार नोंदी, अडीच वर्षं. नोंद घेताना नातेवाइकांना बाहेर काढायचं, असा लेखी नियम होता. बाकीचे तंत्रज्ञ काढायचे. चंदनाला कधी जमलं नाही. कुणाची आई, कुणाची बायको पोटाला चिकटल्यासारखी खाटेशी बसलेली. तिला ऊठ कसं म्हणायचं? "बसा हो, थोपटा, पण हळू," असं ती सांगायची. थोपटण्याची लहर दिसायची; पण तिच्यावर कचऱ्याची खूण करायची म्हणजे आपण नियम मोडल्याची कबुली. शिवाय एवढ्याशा लहरीने काय होतंय? ती तशीच सोडून द्यायची.

त्या काळी नातेवाईक साध्या वॉर्डात बसत, अतिदक्षता कक्षात त्यांना बंदी होती. वॉर्डातले रुग्ण कमी आजारी, ते बहुतेक घरी जायचे. संगणकाला वॉर्ड माहीत नाही, आई माहीत नाही, चंदनाचं मऊ काळीज माहीत नाही. त्याला एवढंच दिसलं की जिथे ही गोलसर लहर असते तो माणूस जगतो. त्याने ती मनाशी धरली. पुढे अतिदक्षता कक्षातही एका नातेवाइकाला बसू द्यायला लागले आणि मागोवा बिनबोभाट एक भलतीच गोष्ट मोजू लागला. या माणसाला थोपटायला कुणी आहे का? असेल तर आकडा चढता. नसेल तर आठ.

"रेश्मा," चंदना म्हणाली, "गेल्या वर्षभरात शांत कक्षात किती गेले गं? ज्यांचं कुणीच नव्हतं असे?"

रेश्माने बोटं मोजली. दोन्ही हात संपले तेव्हा तिने मोजणं सोडून दिलं. "अकरा नंबरची ती म्हातारी आठवतीया का? देवळापुढं बसायची ती. तिच्या डायलिसिसला चारच दिस झालते."

यावर एक सोपा उपाय होता आणि तो चंदनाच्या मनात आलाच. खोटं कशाला बोला, ती माणूसच होती. उद्या बारापर्यंत मामाला थोपटत राहायचं. आळीपाळीने, रेश्मा आणि ती. त्याचा आकडा वर, कागद रद्द. दाजींचाही आकडा वर. कुणाला काही सांगायला नको, कुणाचं काही बिघडायला नको. पण बाकीच्या सत्तावीस कक्षांतल्या सात नंबरांना कोण थोपटणार होतं?

सांगावं तर पहिला आकडा पडणार तो दाजींचा.

दाजींनी तिला वर्षभर पहाटे स्टँडवर सोडलं होतं. मिरजेच्या कोर्सला जायची तेव्हा. रात्रपाळी संपवून, डोळे तांबारलेले, कपड्यांना कापसाचा भुगा, तशीच गाडी दारात. "चंदे, आवर. एसटी चुकली तर मला ही गाडी मिरजंपर्यंत ढकलत न्यावी लागंल." घरात सगळे म्हणत होते पोरीला कशाला हे मेंदूबिंदूचं, तेव्हा एकटा तोच म्हणाला होता, शिकू दे. ज्या विद्येने ती आता त्याचा आकडा खाली आणणार होती, ती त्याच्यामुळेच तिला मिळाली होती. तिला रडू आलं आणि ती औषधांच्या कपाटाआड जाऊन खरोखरच रडली.

सात वाजता तिने आक्काला चहाच्या निमित्ताने नातेवाइकांच्या खोलीत आणलं. आक्का सूर्यास्तानंतर चहाही घेत नाही हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"आक्का, एक सांगायचंय. दाजींचा आकडा हाय न्हवं, त्यो दाजींचा न्हाई."

"मग कुणाचा?"

"तुझ्या हाताचा."

तिने सगळं सांगितलं. खांदा, उशी, तारा, जेवणाची वेळ, सात नंबरचा माणूस, आठचे चौतीस. आपली चूकही सांगितली. आक्का ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"मग खरा आकडा किती?"

"सहा. सात. तेवढाच असंल."

"त्यो सात नंबरचा तुझा कोण लागतो?" तिने विचारलं.

"कोण न्हाई."

"आणि हे?"

"आक्का, असं नको गं बोलू."

"मग कसं बोलू? तुला वरीसभर स्टँडवर सोडत हुते तवा कोण लागत हुते तुझे? दोन दिस गप बस. चारच दिस बस. मी काय मागालोय तुझ्याकडं? सरकारची खाट मागालोय का? नुसतं गप बस म्हणालोय."

"मी गप बसले तर उद्या बाराला त्यो माणूस जाईल. आन् त्याचा मेंदू अजून जित्ता असंल, आक्का. मी त्याच्या लहरी बघितल्या न्हाईत, पण असंल."

"आन् तू बोललीस तर हे जातील."

"दाजी..." चंदनाला पुढचं बोलवेना. ते गेलेच आहेत असं ती म्हणणार होती. आक्काने ते न बोललेलंही ऐकलं असावं, कारण तिने खाडकन खुर्ची मागे सारली आणि ती निघून गेली. दहा वाजता घरी जातानाही ती चंदनाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चंदना आली ती डॉ. उपाध्यांना सांगायचंच असं ठरवून. आक्का जन्मात तोंड बघणार नाही, हेही गृहीत धरून. जाता जाता दाजींच्या चार नंबरकडे नजर टाकायची तिची छाती होत नव्हती. तरी टाकली.

आक्का खुर्चीत ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट गुंतवलेले. नवऱ्यापासून हातभर लांब.

पडद्यावर आकडा होता सात.

"सहापासनं हात लावला न्हाई," आक्का म्हणाली. तिने मान वर केली नाही. "तू खोटं बोलालीयास, हे तुला दाखवणार हुते. म्हटलं, माझ्या हाताबिगर चढूनच दाखवतील हे. दोन तास बसले. पाच दिसांत पयल्यांदा त्यांच्याकडं नुसती बघत बसले. हललं न्हाई गं काय. काईच हललं न्हाई."

चंदना तिच्यापुढे खाली बसली आणि तिने ते गुंतलेले हात धरले. ते गार पडले होते.

"जा," आक्का म्हणाली. "डॉक्टरास्नी सांग. त्या बाप्याचं बारा वाजायच्या आत सांग."

डॉ. उपाध्ये बासष्ट वर्षांचे होते आणि एके काळी लहरी वाचण्यात त्यांचा हात धरणारा या भागात कुणी नव्हता. ते चंदनाचं म्हणणं मध्येच न तोडता ऐकत राहिले. मग त्यांनी सात नंबरच्या कच्च्या लहरी मागवल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून बघू लागले.

"तीन उंचवटे," ते म्हणाले. "बघ. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन. आणि मधली रेघ सपाट नाही, जिवंत आहे. या माणसाच्या मेंदूला काहीसुद्धा झालेलं नाही, चंदना. रक्तातलं विष आहे हे. डायलिसिसला आठवडा तरी द्यायला हवा." ते खुर्चीत मागे टेकले. "एखाद्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मी चार वर्षांत एकही नोंद उघडून पाहिलेली नाही."

"चूक माझी आहे सर. खुणा मी केल्या होत्या."

"खुणा तू केल्यास, सह्या मी केल्या. किती केल्या ते मोजायचं धाडस माझ्यात आत्ता नाही. मोजावं लागेल, पण आधी फोन." त्यांनी सात नंबरचा कागद उभा फाडला आणि फोन उचलला. पुढचा तासभर ते एकेका अतिदक्षता कक्षाला तेच सांगत होते : आज कुणालाही हलवू नका, नातेवाइकांचे हात बाजूला करा, लहरी उघडा, डोळ्यांनी वाचा. काही जणांनी वाद घातला. एकाने, लहरी वाचता येणारं आता आमच्याकडे कुणी उरलेलं नाही, असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, मग मला पाठवा, मी वाचतो, चंदना वाचते.

बाराचा ठोका झाला आणि सात नंबरपाशी कुणी आलं नाही. रेश्माने डायलिसिसची नळी पुन्हा जोडली. "वाचलास मामा," ती त्याला म्हणाली. अर्थात वाचला की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला आठवडा मिळाला होता, एवढंच.

डॉ. उपाध्ये मग चार नंबरकडे आले. "त्रिशलाताई, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत..."

"तुम्ही नको," आक्का म्हणाली. "राग मानू नका डॉक्टर. चंदी सांगंल."

"आक्का, सर तज्ज्ञ हायत. मी नुसती तारा..."

"मशीननं सांगितलं ते मी ऐकलं. आता माझ्या माणसानं सांगाय पायजे. तू वाच. बोट ठेवून वाच, मला दिसंल असं."

डॉक्टर बाजूला झाले. चंदनाने पडदा आक्काकडे वळवला. पंचवीस वर्षांत तिने कुणाला नोंद वाचून दाखवली नव्हती. ते तिचं काम नव्हतं. तिने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"ही सपाट रेघ. हितं मेंदू काही बोलत न्हाई. बघ, लांब हाय, बारा सेकंद. ही उसळी दिसती न्हवं, ती जुनी ठिणगी हाय, इझत आलेल्या चुलीतली. पुन्हा सपाट. आता ही दुसरी उसळी बघ. पयलीसारखीच हाय, काडीचा फरक न्हाई. जित्त्या मेंदूला तेच ते दोनदा बोलता येत न्हाई, आक्का. त्यो दर खेपेला काहीतरी येगळं बोलतो." तिने बोट पुढे सरकवलं. "मी मघाशी त्यांच्या कानात हाक मारली. जोरानं. ही ती जागा. बघ, काहीच उठलं न्हाई. नख दाबलं, ही जागा. हितं बी न्हाई."

आक्काने त्या जागांवर स्वतःचं बोट फिरवलं.

"म्हणजे हे न्हाईत?"

"न्हाईत, आक्का."

आक्का ओरडली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि नुसते खांदे हलत राहिले. चंदना तिला धरून उभी राहिली आणि तिलाही आवरेना. दोघींना एकत्र रडायला पाच दिवसांत वेळच झाला नव्हता.

"आणखी दोन दिवस थांबून मी आणि दुसरे एक डॉक्टर पुन्हा तपासू," डॉ. उपाध्ये हळूच म्हणाले. "मगच काय ते ठरवू. तोवर यंत्रं चालू राहतील. तुम्ही जवळ बसा, हात लावा. आता काही हरकत नाही."

आक्काने डोळे पुसले. खांद्याकडे गेलेला हात तिने मध्येच थांबवला.

"चंदे, आधी ह्या तारा काढ."

"दोन दिवसांनी परत लावाय लागतील गं."

"तवा परत लाव. पण आता काढ. माझा हात परत त्या पडद्यावर उठला, की मला वाटंल, चंदीचं चुकलं असंल. डॉक्टरांचं चुकलं असंल. मी लई खुळी हाय, मला वाटंलच. मला त्यांस्नी थोपटायचं हाय, आन् तवा मला कसलीच आशा नको."

चंदनाने पडदा बंद केला. मग डोक्यावरच्या तारा एकेक करून सोडवल्या, उजव्या कानामागच्या दोन सगळ्यात शेवटी. रेश्माने कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवलं. केसांत सुकलेली पेस्ट निघायला चिवट असते. ओल्या फडक्याने मऊ करून, बट बट धरून पुसावी लागते. आक्काने खुर्ची पुढे ओढली आणि हात खांद्यावर ठेवला. थोपटणं सुरू झालं, तसं उशीवर डोकं बारीक बारीक हलू लागलं आणि फडकं पुन्हा पुन्हा निसटू लागलं. चंदनाने आक्काला थांब म्हटलं नाही. तिनेही घाई केली नाही.